समोर कुलूप होतं

मिस्त्रींचं दुकान दाराएवढंच रुंद होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पोट आत घेऊन यायचं. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे टांगलेले आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यांच्या चार रांगा. कोऱ्या किल्ल्या विकायच्या. खिळ्यांवरच्या मात्र गल्लीतल्या घरांच्या होत्या. कुणी परगावी जाताना ठेवून गेलेली, कुणी स्वतःच्या विसरभोळेपणाला घाबरून एक जादाची ठेवलेली. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, आणि त्यावर नाव नाही, नुसतं चित्र: चष्मा, भोपळा, मांजर. कुठलं चित्र कुणाचं, हे फक्त मिस्त्रींना ठाऊक आणि त्यांच्या बायकोला.

गल्लीत त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, थोरले म्हणत आणि धाकटेही म्हणत. वहिनी घरीच कपड्यांना इस्त्री करून द्यायच्या, त्यामुळे मिस्त्रीच्या घरी इस्त्री, ही कोटी गल्लीत इतक्या वेळा झाली होती की नवीन भाडेकरूनं ती केली की जुने लोक त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे.

मिस्त्रींचा एक नियम होता. मालक कोण हे कळल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा एक गृहस्थ धापा टाकत आले, दूध गॅसवर, दार लॅचनं लागलेलं, किल्ली आत. मिस्त्री पिशवी घेऊन निघाले, दारापर्यंत गेले, आणि पिशवी हातात धरून म्हणाले, शेजाऱ्याला बोलवा. गृहस्थ चिडले, मग विनवण्या करू लागले. फटीतून करपल्याचा वास यायला लागला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. शेजारीण येऊन हे यांचंच घर म्हणाली, तेव्हा टाळी वाजवायला लागतो तेवढ्या वेळात दार उघडलं. दूध गेलं, पातेलंही गेलं. त्या गृहस्थानं वर्षभर मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडली आणि वर्षाच्या शेवटी आपली जादाची किल्ली आणून त्यांच्याच खिळ्याला लावली. ज्याला सगळी कुलपं उघडता येतात, त्याला आधी हात आवरता आला पाहिजे, असं मिस्त्री म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी तो आवरला.

एकोणसाठाव्या वर्षी एका दुपारी किल्ली घासता घासता त्यांच्या हातून कानस पडली. समोरच्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले, कपाळ जड झालंय, आणि खाली बसले. हॉस्पिटलात कळलं की डोक्यात पुढच्या बाजूला रक्तवाहिनी फुटलीय. ऑपरेशन झालं. पाच आठवड्यांनी ते घरी आले तेव्हा बोलणं स्वच्छ होतं, चाल सरळ होती, खिळ्यांवरच्या सगळ्या चित्रांची घरं त्यांनी न अडखळता सांगितली. लोक म्हणाले, नशीब थोर. वहिनींनाही तसंच वाटलं. माणूस जरा गप्प झाला होता, नेमून दिल्यासारखा खुर्चीत बसून राहायचा, पण एवढ्या दुखण्यातून उठलेला माणूस आणखी काय करणार?

तिसऱ्या दिवशी चार जण भेटायला आले. वहिनींनी पाच कप चहा ट्रेमधून आणून टेबलावर ठेवला. मिस्त्रींनी एक कप उचलला, प्याले. मग दुसरा उचलला. पाहुण्यांनी हात पुढे करेपर्यंत तिसरा. पाचही कप त्यांनी एकामागून एक, चवीनं नाही आणि घाईनंही नाही, संपवून टाकले. मग एका पाहुण्यानं टेबलावर काढून ठेवलेला चष्मा त्यांनी आपल्या चष्म्यावर चढवला आणि तसेच बसून राहिले. सगळे पोट धरून हसले. हसणाऱ्यांत वहिनीही होत्या. पुढं त्यांना कसली लाज वाटायची असेल तर त्या हसण्याची.

आठवड्यानं दार वाजलं म्हणून त्या इस्त्री उभी करून उठल्या. कपडे देऊन परत येतात तो मिस्त्री टेबलापाशी उभे राहून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला इस्त्री करत होते. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, सगळं शिस्तीत. त्यांनी शर्टाची घडी घातली, घडी उलगडली आणि पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली.

"अहो, ठेवा ती," वहिनी म्हणाल्या.

"हो, ठेवतो," मिस्त्री म्हणाले आणि इस्त्री फिरवत राहिले.

"ठेवा म्हणतेय ना. कॉलर पिवळी पडली."

"ठेवतो म्हटलं ना मी." हात चालूच होता. मिस्त्री त्या हाताकडे असे बघत होते, जसं आपण शेजाऱ्याच्या द्वाड पोराकडे बघतो. आपल्याला आवडत नाही, पण रागवायचा हक्कही नाही.

वहिनींनी बटण बंद केलं, इस्त्री उचलून टेबलाखाली ठेवली आणि वर चादर टाकली. त्याच क्षणी मिस्त्री वळले आणि खुर्चीत जाऊन बसले, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला एक डॉक्टरीणबाई होत्या. शांत, केस अर्धे पिकलेल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. वहिनींनी चहाचं आणि इस्त्रीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता टेबलावर एक कंगवा ठेवला. मिस्त्रींनी तो उचलून केस विंचरले. बाईंनी तो काढून घेतला, आणि म्हणाल्या, आता मी पुन्हा ठेवणार आहे, तुम्ही त्याला हात लावायचा नाही. मिस्त्री म्हणाले, बरं. मी काय सांगितलं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, कंगव्याला हात लावायचा नाही. हे वाक्य पुरं होईपर्यंत त्यांनी कंगवा उचललेला होता आणि भांग पाडायला सुरुवात झाली होती.

मिस्त्रींना बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी वहिनींना नीट समजावलं. "वस्तू दिसली की प्रत्येकाचाच हात थोडासा निघतो. तुमचा निघतो, माझा निघतो. समोर पेन असलं की मी ते उगाच उघडते. पण कपाळामागचा मेंदू म्हणतो, थांब, आत्ता नको, हे आपलं नाही. ते इतक्या पटकन होतं की आपल्याला कळतही नाही. यांचं ते 'थांब' म्हणणारं गेलंय. त्यांना समजतं सगळं. समजणं शाबूत आहे, आवरणं गेलं."

"म्हणजे कळतं पण वळत नाही," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी वीस वर्षं हे लोकांना समजावतेय, याहून सोपं मलाही सांगता आलेलं नाही.

औषध काय, असं वहिनींनी विचारलं. बाईंनी दोन गोळ्या लिहून दिल्या, पण त्या झोपेसाठी होत्या. वर्षभरात जे भरून येईल ते येईल, म्हणाल्या. तोवर एकच करा. जे त्यांनी करू नये असं वाटतं, ते त्यांना दिसू देऊ नका.

मग वहिनी घरातल्या वस्तू नजरेआड करायला लागल्या. काड्यापेटी, सुरी, औषधं, लोकांचे कपडे, सगळं पडद्यामागे. आणि तेव्हा त्यांना दुसरी गोष्ट कळली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. समोर काहीच नसलं तर मिस्त्री काहीच करत नसत. एका दुपारी त्या दोन तास बाहेर होत्या. परत आल्या तेव्हा मिस्त्रींचे ओठ सुकून पांढरे पडले होते. तहान लागली होती का, असं विचारल्यावर म्हणाले, हो, फार. मग पाणी का नाही घेतलंत? त्यावर ते खोलीत इकडंतिकडं बघत राहिले. माठ स्वयंपाकघरात होता, चार पावलांवर. पण खुर्चीतून तो दिसत नव्हता. वहिनींनी पेला भरून समोर ठेवला, त्यांनी लगेच उचलून पिऊन टाकला. पुन्हा भरला, पुन्हा प्याले. चौथ्या पेल्याला वहिनींनीच पेला लपवला.

म्हणजे वस्तू दिसली तर आवरत नव्हतं, आणि दिसली नाही तर हलवत नव्हतं. मधलं, जिथं आपण सगळे राहतो, ते त्यांच्याकडं उरलं नव्हतं. आता त्यांच्या पुढ्यात काय असावं हे वहिनींनी ठरवायचं, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, आई, तू त्यांच्या सवयीच बदल. वहिनींनी हो म्हटलं. फोनवर आणखी काय म्हणणार?

कुलपांचं प्रकरण तिसऱ्या महिन्यात उघडं पडलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शाळामास्तरीण एकट्या राहायच्या, त्यांना सगळे वरच्या बाई म्हणत. त्या बाजारातून आल्या तर दार सताड उघडं. आत स्वयंपाकाच्या टेबलापाशी मिस्त्री बसलेले आणि समोर सोललेल्या बटाट्यांचा ढीग. बाईंचे आठवड्याचे बटाटे होते, सुरी शेजारी होती. भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ टिकटिकत होतं, त्याला किल्ली दिली गेली होती. दाराचं कुलूप वहिनींच्या केसातल्या आकड्यानं उघडलेलं होतं आणि ते त्यांनी नीट कोयंड्याला अडकवून ठेवलं होतं. बाई खाली येऊन हसत हसत म्हणाल्या, वहिनी, चोर असावा तर असा, घड्याळ चालू करून जाणारा. पण वहिनींनी मिस्त्रींना जिन्यातच गाठलं.

रात्रीपर्यंत त्या थांबल्या नाहीत, तिथंच त्यांनी विचारलं, "ते दुसऱ्याचं दार आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मिस्त्री म्हणाले. "बाईंचं दार आहे. खिळ्यावर चष्म्याची किल्ली त्यांची."

"मग का उघडलंत?"

"समोर कुलूप होतं."

वहिनींनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं. थोड्या वेळानं मिस्त्रीच म्हणाले, "मला कळत होतं गं. उघडताना कळत होतं. मी म्हणत होतो नको. पण म्हणणारा एकीकडे आणि हात एकीकडे."

नंतरच्या पंधरवड्यात तीन दारं उघडली गेली. काही हरवलं नाही. एका घरात त्यांनी धुतलेले कपडे घडी घालून ठेवले, एका घरात ते नुसतेच पलंगावर झोपलेले सापडले. पहिल्यांदा हसण्यावारी नेलं गेलं, दुसऱ्यांदा लोक ओठ मुडपून गप्प बसले. तिसऱ्यानंतर गल्ली दुकानाशी आली. भांडायला कुणी आलं नव्हतं, आणि तेच वहिनींना जड गेलं. भांडायला आले असते तर दोन शब्द ऐकवता आले असते. एकेक जण येऊन, मान खाली घालून, आपली किल्ली मागत होता. दोष नाही हो, वहिनी, पण घरात सून एकटी असते. दोष नाही, पण आजारी माणूस आहे. वहिनी चित्र बघून किल्ली काढून देत होत्या. मिस्त्री स्टुलावर बसून प्रत्येकाचं चित्र आधीच सांगत होते, भोपळा, मांजर, छत्री, मदत केल्यासारखं. संध्याकाळपर्यंत चार रांगांत सहाच किल्ल्या उरल्या, त्यातल्या दोन मेलेल्या माणसांच्या होत्या.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. वहिनींना कुणी फिरलेलं वाटलं नाही. आपणही हेच केलं असतं, एवढंच त्यांना वाटलं.

त्यांनी जुन्या चादरीचे तुकडे काढले आणि लहान लहान पिशव्या शिवल्या, वर नाडी, आत कुलूप मावेल एवढ्या. दारोदार गेल्या. म्हणाल्या, एवढं कुलपावर बांधून ठेवाल का? त्यांना दिसलं नाही की त्यांचा हात जात नाही. बऱ्याच जणांनी बांधल्या. वरच्या बाईंनी तर स्वतः आणखी दहा शिवून दिल्या. काही जणांनी घेतल्या आणि दाराआड टाकून दिल्या. एका घरी तरुण नवरा म्हणाला, कुलूप आमचं, आम्ही का झाकायचं, तुमचा माणूस तुम्ही झाका. त्याचं चुकलं असं वहिनींना म्हणता आलं नाही.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचा दीर, दोन दिवस येऊन राहिला. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही फार मऊ आहात, सरळ कोंडा. त्यानं बाजारातलं भारीतलं कुलूप आणून दाराला आतून लावलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. मिस्त्रींनी ते चमच्याच्या दांड्यानं आणि एका तारेनं उघडलं. दिरानं घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी भारीतलं आणलं, त्याला सहा मिनिटं लागली. दीर थक्क होऊन म्हणाला, दादाचा हात अजून तसाच आहे. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो कळल्यावर दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळू लागली. शेवटी दाराला बाहेरून नुसती कडी बसवली. तिला कुलूप नव्हतं म्हणून ती मिस्त्रींना उघडता येत नव्हती. वहिनी बाहेर गेल्या की ते दाराच्या आतल्या बाजूला, कोऱ्या लाकडासमोर, हात मांडीवर ठेवून बसून राहत.

हे बघवेना म्हणून वहिनींनी कंपाउंडरांचं बोलणं मान्य केलं. कंपाउंडर गल्लीच्या टोकाला राहत. दवाखान्यातून निवृत्त झालेले, मिस्त्रींच्याच वयाचे, गोड बोलणारे. म्हणाले, वहिनी, रोज दुपारी तासभर मी फिरवून आणतो त्यांना. मलाही पाय मोकळे करायचेच असतात. तुम्ही तेवढ्यात इस्त्रीचं काम उरका. वहिनींना किती महिन्यांनी कुणी काही द्यायला आलं होतं. त्यांनी कंपाउंडरांना सगळं नीट समजावलं, काय दिसू द्यायचं नाही, कुठल्या बाजूनं चालायचं, कुलपांवर पिशव्या कुठल्या गल्लीपर्यंत आहेत. कंपाउंडरांनी फार लक्ष देऊन ऐकलं. नंतर वहिनींना राहून राहून आठवायचं, किती लक्ष देऊन त्यांनी ऐकलं होतं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मिस्त्रींच्या गालांवर जरा रंग आला. चौथ्या आठवड्यात एका दुपारी पोलीस दारात उभा राहिला.

झालं होतं असं. कंपाउंडरांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं वडिलांच्या घरावरून वाकडं होतं. घराची कागदपत्रं थोरल्याच्या कपाटात. थोरला भाऊ बाहेरगावी गेला होता. दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, कंपाउंडर मिस्त्रींना घेऊन तिथं गेले आणि त्यांना दारासमोर उभं केलं. मिस्त्रींनी दार उघडलं. मग कपाटासमोर उभं केलं, कपाट उघडलं. कपाटात लोखंडी पेटी होती, ती उघडली. कागद गेले. समोरच्या खिडकीतून एका बाईनं दोघांना बाहेर पडताना पाहिलं.

चौकीत कंपाउंडर खुर्चीत ताठ बसले होते. ते म्हणाले, मी यांना फिरायला नेलं, हे अचानक भावाच्या घरात घुसले, मी आवरायला मागून गेलो. कागदांचं मला काही माहीत नाही. यांची सवय सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. साहेब, यांनाच विचारा, मी उघडा असं एका शब्दानं म्हटलं का?

साहेबांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री खोटं बोलणारे नव्हते, आधीही नव्हते आणि आता तर खोटं बोलायला लागतो तो आवरही त्यांच्यापाशी नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "उघडा म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. मला नुसतं उभं केलं."

कंपाउंडरांनी हात पसरले, ऐकलंत ना, अशा अर्थानं. वहिनी काही बोलायला उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. उभं करणं हा कुठला गुन्हा? उभं तर त्याही करत होत्या रोज, पेल्यासमोर, कंगव्यासमोर, जेवणाच्या ताटासमोर.

साहेब मिस्त्रींना दटावू लागले, की कायदा आजार बघत नाही, पुन्हा कुणाच्या कुलपाला हात लावलात तर आत टाकीन. मिस्त्री अगदी नम्रपणे, हो साहेब, चुकलं साहेब, पुन्हा नाही, म्हणत होते, आणि म्हणता म्हणता साहेबांच्या टेबलावरची कागद टोचायची पिन घेऊन त्यांच्याच टेबलाच्या खणाचं कुलूप उघडत होते. खण खट् करून उघडला. दाराशी उभा असलेला शिपाई हसला आणि मग साहेबांचं तोंड बघून गप्प झाला. साहेबांनी खण हळूच लावून घेतला. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पुन्हा पिनकडे निघाला होता. साहेबांनीच ती उचलून खिशात ठेवली.

कंपाउंडरांना जाऊ दिलं, पुरावा नव्हता. कागद कधी सापडले नाहीत आणि दोन भावांचं भांडण कोर्टात गेलं. वहिनींकडून साहेबांनी लिहून घेतलं की मिस्त्रींना माझ्याशिवाय घराबाहेर सोडणार नाही आणि दुकान बंद करीन. सही घेताना साहेब खालच्या आवाजात म्हणाले, ताई, मला सगळं समजतंय, पण मी यात काय लिहू? वहिनी म्हणाल्या, जे लिहिता येतं ते लिहा.

दुकान त्यांनी बंद केलं. कानशी, चिमटे, तारा, सगळी हत्यारं दुसऱ्या गावच्या एका किल्लीवाल्याला देऊन टाकली. तो बिचारा मिस्त्रींना एकदा भेटू का म्हणाला, वहिनींनी नको म्हटलं. लेक चार दिवस रजा काढून आली. पहिल्या दिवशी तिनं बाबांना सवयी बदलायचे धडे दिले, दुसऱ्या दिवशी रडली, तिसऱ्या दिवशी अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचा पत्ता काढला. वहिनी ती बघायला गेल्याही. स्वच्छ खोल्या होत्या, भिंती मोकळ्या, टेबलं मोकळी. दोघं-तिघं माणसं भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्या मोकळ्या टेबलांकडे बघून वहिनी परत आल्या. लेकीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिथं त्यांना काहीच दिसणार नाही.

लेक गेल्यावर मिस्त्री खिडकीशी बसले होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत होती. वहिनी शेजारी बसून लसूण सोलत होत्या, आणि सोललेल्या पाकळ्या पदराखाली झाकून ठेवत होत्या. न विचारता मिस्त्री सहसा बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले.

"तू मला जिथं उभं करशील, तसा मी होतो," ते म्हणाले. "त्यानं उभं केलं तर चोर. तू बरं बघून उभं करत जा."

वहिनींनी पदराखालचा लसूण काढून त्यांच्यासमोर ठेवला. ते सोलायला लागले. सोलून झाल्यावर साली सोलायला लागले, तेव्हा वहिनींनी वाटी उचलली.

वर्ष संपलं. भरून यायचं ते आलं असेल तर वहिनींना दिसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कंगवा ठेवला, मिस्त्रींनी पुन्हा भांग पाडला, या वेळी बाईंनी कंगवा त्यांच्या हातून काढून घेतला नाही. पुढच्या तारखा त्यांनी सहा-सहा महिन्यांच्या दिल्या.

थंडीत वहिनींना ताप भरला. सकाळी त्यांना उठताच येईना. डोकं उचललं की खोली फिरायची. मिस्त्री पलंगासमोरच्या खुर्चीत येऊन बसले होते, पण त्या दिवशी कुणी त्यांच्यासमोर काही ठेवलं नव्हतं, म्हणून सकाळ गेली, दुपार गेली, ते तसेच बसून राहिले. आपली बायको आजारी आहे हे त्यांना दिसत होतं. मधून मधून ते विचारत, बरं वाटतंय का, आणि नाही म्हटलं की म्हणत, पाणी प्यायला पाहिजेस तू. पाणी आणायला उठत नसत. वहिनी म्हणाल्या, आणता का? ते म्हणाले, आणतो की. आणि बसून राहिले. दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. वहिनींना हाक मारावीशी वाटली, वरच्या बाईंना, पण आवाज दारापर्यंतही पोचत नव्हता.

दिवेलागणीच्या आधी पाणी प्यायला म्हणून कूस बदलताना वहिनींचा हात पांघरुणाबाहेर येऊन पलंगाच्या कडेवरून खाली लोंबला. मिस्त्रींची नजर हातावर गेली. ते पुढे वाकले आणि त्यांनी तो धरला. घट्ट धरला, दोन्ही हातांत, आणि मग सोडेनातच.

हात दिसला म्हणून धरला, की बायकोचा म्हणून धरला, हे वहिनींना कळायला मार्ग नव्हता. विचारलं असतं तर त्यांनी खरं काय ते सांगितलं असतं. वहिनींनी विचारलं नाही. त्यांना तहान लागली होती आणि पेला मिस्त्रींच्या पाठीमागच्या टेबलावर होता, पण तिकडे जायला आधी हात सोडवून घ्यावा लागला असता. अंधार पडला तरी त्या तशाच पडून राहिल्या. वरच्या बाई दिवा दिसला नाही म्हणून खाली आल्या, त्यांनी दार ढकललं, दिवा लावला, आणि त्यांना दोघांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.